आपत्कालीन विभागातील कोंडी

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात तिथल्या खाटांना, डॉक्टरांना आणि परिचारिकांना झेपणार नाहीत इतके रुग्ण साठून सर्वांचेच उपचार लांबणे, म्हणजे ही कोंडी. किरकोळ दुखणी घेऊन येणाऱ्यांमुळे ती होते, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात फारसे तथ्य नाही. असा रुग्ण बाकावर बसून थांबतो, औषध घेतो आणि जातो. तो खाट अडवत नाही. खाट अडते ती दाखल करायचे ठरले, पण वॉर्डात जागाच नाही, अशा रुग्णामुळे. ऑस्ट्रेलियात दाखल होणाऱ्या रुग्णाला आपत्कालीन विभागात ८ तासांहून अधिक काळ राहावे लागले, तर त्याची वेगळी नोंद होते.

म्हणून पाहायचे ते वॉर्डाकडे. सकाळच्या राउंडला ‘आज घरी सोडा’ असे ठरते. मग शेवटचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधे, बिल, न्यायला येणारे नातेवाईक, एकेका गोष्टीसाठी थांबत संध्याकाळ होते. नव्या रुग्णांची रीघ मात्र दुपारच्या आतच लागलेली असते. वृद्धांच्या बाबतीत हा खोळंबा काही तासांवर थांबत नाही. घरी सांभाळणारे कोणी नाही, वृद्धांची काळजी घेणाऱ्या निवासी संस्थेत जागा नाही, म्हणून बरा झालेला माणूस आठवडेच्या आठवडे पडून राहतो. पडून राहिल्याने त्याचे स्नायू झिजतात, रुग्णालयातला जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि आपल्या पायांनी आलेल्याला उठायलाही आधार लागतो. या हानीची दखल फार कमी घेतली जाते.

ब्रिटनमधील १९९९ च्या एका गणिती प्रारूपानुसार खाटांचा सरासरी वापर ८५ टक्क्यांपुढे गेला की धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांपुढे खाटांचा तुटवडा वारंवार भासतो. पूर्ण भरलेले रुग्णालय कार्यक्षम वाटते, पण अचानक येणाऱ्यासाठी त्यात जागा उरत नाही. इंग्लंडमधील २०२२ च्या अभ्यासात, आल्यापासून ६ ते ८ तासांनंतरही वॉर्डात न पोहोचलेल्या दर ८२ रुग्णांमागे ३० दिवसांत एक जादा मृत्यू आढळला.

तिथे आलेल्या रुग्णाला ४ तासांत दाखल करणे, घरी सोडणे किंवा दुसरीकडे पाठवणे, हे उद्दिष्ट २००४ मध्ये ९८ टक्के रुग्णांसाठी होते. २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणले गेले. उपायांचे म्हणाल तर, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवल्याने भार शेजारच्या रुग्णालयावर पडतो, एवढेच. डिस्चार्जची तयारी दाखल करतानाच सुरू करणे आणि सुट्टीच्या दिवशीही रुग्ण सोडणे अधिक उपयोगी. काही रुग्णालये खोळंबलेले रुग्ण एकाच विभागात न ठेवता प्रत्येक वॉर्डाकडे एक-दोन असे वाटून देतात.