फिट आली की तोंडात चमचा? अजिबात नको

फिट आलेल्याची जीभ घशात जाते, म्हणून दातांत चमचा घालावा, हा समज फार जुना. जीभ तोंडाच्या तळाशी घट्ट जोडलेली असते; ती गिळली जाऊच शकत नाही. फार तर चावली जाते, आणि ती जखम बहुधा आपोआप भरते. चमच्याने मात्र दात तुटतो, तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. (मदत करणाऱ्याचं बोट सापडतं ते वेगळंच.) हातपाय दाबूनही उपयोग नाही, गोंधळ मेंदूतल्या विद्युत संदेशांचा असतो. बहुतेक झटके 1 ते 3 मिनिटांत आपणहून थांबतात. तोवर डोक्याखाली मऊ काही ठेवा, जमेल तसं कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नका. 5 मिनिटं उलटली किंवा लागोपाठ दुसरी फिट आली, तर लगेच रुग्णवाहिका.