आडनावांचा माग (विदर्भ)

आडनावावरून घराण्याचं मूळ गाव, भाषा, धंदा किंवा कुळ शोधायची रीत. विदर्भात, खास करून खेड्यात, कुणी नवीन भेटला की 'आडनाव काय जी?' हा दुसरा-तिसरा प्रश्न असतोच, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा जात काढायची असते. पण आडनाव तेवढं नेमकं सांगत नाही. राऊत, चौधरी, ठाकरे अनेक जातींत आहेत. मेश्राम बौद्धांत आहेत आणि गोंडांतही, गोंड मेश्रामांची नागोबाची जत्रा तेलंगणातल्या केसलापूरला भरते.

इथे पश्चिम महाराष्ट्रासारखी 'कर'ची गर्दी नाही. गावावरून पडलेली आडनावं आहेत, वानखडे हे बुलढाण्यातल्या वानखेडवरून आलं असावं असं मानतात, पण वानखडे म्हणवणारं प्रत्येक घर तिथूनच निघालं असं धरू नये.

सगळ्यात जास्त वाद 'वार'चा. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ आणि पलीकडे नांदेडपर्यंत मामीडवार, कोतपल्लीवार, मुनगंटीवार अशी आडनावं सापडतात, 1962-63 मध्ये मुख्यमंत्री राहिलेले मारोतराव कन्नमवार याच पट्ट्यातले. 'परिवार'मधला 'वार' असं सांगणारे भेटतात, पण मग अलीकडचा अर्धा भाग काय ते त्यांना सांगता येत नाही. तेलुगू 'वारु' हे जास्त पटतं. तेलुगूत 'वारु' म्हणजे 'ते लोक', तेही आदरानं, म्हणजे अमक्या घरचे. मामिडी म्हणजे आंबा, कोत्त म्हणजे नवं, पल्ली म्हणजे गाव, म्हणून कोतपल्लीवार म्हणजे नव्या गावचे, आपल्याकडे कुणी नवरगावकर म्हणावं तसं. तेलुगूत घराचं नाव, म्हणजे इंटिपेरु, माणसाच्या नावाआधी येतं, मराठीत येताना ते शेवटी गेलं आणि 'वारु'चा उकार गळला. हे लोक कधी आले याचं एकच उत्तर निघणं कठीण, काही गोंड राजांच्या काळात आणि काही नागपूरकर भोसल्यांनी 1751 मध्ये चांदा (आजचं चंद्रपूर) घेतल्यावर आले असावेत. गडचिरोलीतलं सिरोंचा तर 1860 पर्यंत निजामाकडेच होतं आणि आजही तिथल्या बाजारात तेलुगू चालते. मात्र 'वार' दिसलं की तेलुगू असंही नाही, हलबा कोष्ट्यांत, म्हणजे विणकरांत, नंदनवार आहेत.

गोंडांत आडनाव हेच कुळ. मडावी, आत्राम, उईके, टेकाम ही कुळं चार, पाच, सहा, सात देवांच्या गटांत वाटलेली असतात आणि एकाच देवसंख्येत सोयरीक होत नाही. भंडारा-गोंदियाचे पोवार (बिसेन, पटले, रहांगडाले) स्वतःला माळव्यातल्या धारचे सांगतात आणि त्यांची पोवारी बोली अजून घरात चालते.

कागदात शोधायचं तर कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही), मिसल बंदोबस्त (इंग्रजी अमलातल्या जमीन मोजणी-साऱ्याचे कागद) आणि 1954-55 चे अधिकार अभिलेख (जमीन कुणाच्या नावे त्याची नोंद). जुन्या नोंदीत आडनाव पुष्कळदा नसतंच. 'पांडू वल्द गोमा, जात कुणबी' (वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा) एवढंच, आणि गावात पांडू चार. जात पडताळणीवाल्यांना हे चांगलं माहीत आहे, कारण अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आणि ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचे पुरावे लागतात.

वंश आणि राष्ट्रीयत्व याची गल्लत मात्र करू नये. 1930 साली ब्रह्मपुरीत जन्मलेला माणूस घर न सोडता मध्य प्रांत-वऱ्हाड, 1950 ला मध्य प्रदेश, 1956 ला मुंबई राज्य आणि 1960 ला महाराष्ट्र असा फिरला, आणि ब्रिटिश प्रजेचा भारतीय नागरिक झाला. वऱ्हाडात तर गंमतच, कारभार इंग्रजांचा पण कागदावर मुलूख निजामाचा.

बायकांचा माग लवकर तुटतो, लग्नानंतर आडनाव बदलतं आणि बऱ्याच घरी पहिलं नावही. लग्नाच्या बायोडेटावर 'मामेकुळ' लिहितात म्हणून आईचं माहेर तरी सापडतं. आजीच्या माहेरासाठी एखादी म्हातारी गाठावी लागते, आणि तीही आधी आपलंच आडनाव विचारते.