इन्व्हेर्नादा

इन्व्हेर्नादा : दूध तुटलेली वासरे कुरणावर चारून, अंगावर पुरेशी चरबी धरेपर्यंत पोसून कत्तलीसाठी तयार करण्याची अर्जेंटिनातील पद्धत. ‘इन्व्हिएर्नो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये हिवाळा. जनावरांना हिवाळा काढायला ज्या रानात ठेवत ते इन्व्हेर्नादा, असा मूळ अर्थ. तो मागे पडला आणि ‘पुष्ट करणे’ एवढाच उरला. गंमत अशी की या धंद्यात हिवाळा हा अडचणीचाच काळ.

वासरू जन्माला घालणे आणि ते पुष्ट करणे हे पाम्पासच्या मैदानात दोन वेगळे धंदे आहेत, बहुधा दोन वेगळ्या माणसांचे आणि दोन वेगळ्या जमिनींवरचे. ब्वेनोस आइरेस प्रांतातले सालादो नदीचे खोरे खोलगट, पाणथळ आणि बरेचसे क्षारपड. तिथे गहू धड येत नाही, पण गाईला पुरेल एवढे रानगवत येते. म्हणून गाई तिथे राहतात. सहा ते आठ महिन्यांचे, पावणेदोनशे किलोंच्या आसपासचे वासरू आईपासून तोडले की ते पश्चिमेकडच्या चांगल्या जमिनीवर, त्रेंके लाउकेन, पेवाखो, हेनेराल विशेगास या भागांत विकले जाते. तिथला पोसणारा ते साधारण वर्ष-दीड वर्ष चारतो आणि ४०० ते ४८० किलोंना विकतो. नर लहानपणीच खच्ची केलेले असतात; अशा जनावराला तिकडे ‘नोविशो’ म्हणतात.

पश्चिमेचे वैभव म्हणजे लसूणघास, तिकडची आल्फाल्फा. आपल्याकडे शेतकरी वाफ्यातला घास विळ्याने कापून दुभत्या म्हशीपुढे टाकतो. तिथे शेकडो जनावरे थेट त्यात सोडतात. ही हिरवी राने आपोआप उगवलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमीनदार इटलीहून आलेल्या कुळांना तीन-चार वर्षांच्या कराराने पड जमीन देत. कुळाने ती नांगरायची, गहू किंवा जवस काढायचा, आणि शेवटच्या वर्षी घास पेरून देऊन चालते व्हायचे. या कुरणांचा इतिहास सांगताना जातिवंत वळूंची नावे आठवतात, नांगरणाऱ्यांची फारशी कोणी काढत नाही.

घासाचा धोकाही मोठा आहे. कोवळा, ओला घास उपाशी जनावराने भराभर खाल्ला तर पोटात फेस धरतो, वायू अडकतो आणि डावी कूस ढोलासारखी फुगते. ही पोटफुगी तासा-दोन तासांत जीव घेते; अगदी गळ्याशी आले की कुशीत नळी खुपसून वारा मोकळा करावा लागतो. म्हणून घासात गवतवर्गीय चारा मिसळून पेरतात आणि भुकेला कळप त्यात एकदम सोडत नाहीत. रान विजेच्या तारेने पट्ट्यांत विभागायचे, एक पट्टा खाऊन झाला की पुढचा उघडायचा आणि मागच्याला फुटायला अवधी द्यायचा, ही रोजची रीत.

दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबरात सुरू होतो. त्या तीन महिन्यांत जनावर दिवसाला किलोभर वजनही धरते. कसोटी लागते ती शरदात, मार्च ते मे. रान हिरवेगार असते, जनावर पोटभर चरते, शेणही पातळ पडते, आणि काट्यावर उभे केले की वजन हललेले नसते. कारण त्या गवतात पाणी फार, साखर थोडी आणि नत्र जास्त. नवख्याला हे पटत नाही. हिरव्या रंगावर विश्वास ठेवून तो दोन महिने घालवतो. जाणते लोक या दिवसांत थोडे वाळले गवत किंवा मका देतात. हिवाळ्यासाठी ओट पेरलेला असतो.

जनावर ‘उतरले’ की नाही, म्हणजे विक्रीजोगे झाले की नाही, हे केवळ वजनावरून ठरत नाही. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चरबीच्या गाठी उमटतात. त्या दिसल्या आणि हाताला मऊ लागल्या की समजायचे. तरुण जनावर आधी हाडे वाढवते, मग मांस धरते, चरबी सर्वांत शेवटी. त्यामुळे अखेरच्या तीन-चार महिन्यांत वजन घटू देणे हा मोठा गुन्हा. अखेरीस चारा तोकडा पडला तर आधीच्या सगळ्या महिन्यांची कमाई पातळ, कोरड्या मांसात जाते.

हे तंत्र घडवले ते इंग्लंडच्या जेवणाच्या टेबलाने. पूर्वी पाम्पासमधले मांस खारवून, वाळवून ब्राझील आणि क्यूबातल्या गुलामांसाठी जाई. त्यासाठी चरबी नसलेले, काटक रानटी गुरूच बरे. १८७६ मध्ये शार्ल तेलिए या फ्रेंच अभियंत्याच्या शीतयंत्रांनी सज्ज ‘फ्रिगोरिफीक’ हे जहाज रूआँहून ब्वेनोस आइरेसला ताजे मांस घेऊन पोचले, मांस थंड ठेवून समुद्रापार नेता येते हे दिसले आणि चित्र पालटले. तारेच्या कुंपणामुळे गुरांची सरमिसळ थांबली होती. शॉर्टहॉर्न, हेरेफर्ड आणि अ‍ॅबर्डीन अँगसचे वळू ब्रिटनमधून येऊ लागले. मांस गोठवून नेण्याऐवजी गोठणबिंदूच्या आसपास, नुसते थंड ठेवून नेणे जमू लागले, तेव्हा उत्तम पुष्ट नोविशोला जास्त भाव आला.

पैसा आला तसे राजकारणही आले. थंड मांसाची जहाजे आणि कारखाने बहुतांशी ब्रिटिश व अमेरिकी कंपन्यांचे. पुष्ट करणारे मोठे जमीनदार त्यांच्या जवळचे. वासरे काढणारे लहान लोक भावासाठी ताटकळत. अर्जेंटिनाशी झालेल्या १९३३ च्या रोका-रन्सिमन कराराने ब्रिटनने थंड मांसाची आयात कमी न करण्याचे कबूल केले, पण निर्यातीचा ८५ टक्के वाटा परदेशी कारखान्यांच्या हाती राहिला. १९३५ मध्ये सिनेटर लिसांद्रो दे ला तोर्रे यांनी या व्यवहाराची चौकशी लावून धरली. एका ब्रिटिश कंपनीची लपवलेली कागदपत्रे बंदरातल्या जहाजावर, डबाबंद मांसाच्या खोक्यांत सापडली. त्या वर्षी २३ जुलैला सिनेटच्या सभागृहातच त्यांचे सहकारी एन्सो बोर्दाबेहेरे गोळी लागून मारले गेले.

उष्ण उत्तर भागात ब्रिटिश जाती गोचिडांपुढे आणि उन्हापुढे टिकत नाहीत. तिथे वशिंडाच्या गुरांशी संकर करून ब्रँगस व ब्राफोर्ड जाती वापरतात. त्यांच्या मुळाशी असलेली अमेरिकी ‘ब्राह्मन’ जात गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या बैलांपासून तयार झाली आहे. सांगली-मिरजेकडे काळ्या रानात औत ओढण्यासाठी जोपासलेले रक्त असे भलत्याच कामी लागले.

गवतावरच्या मांसाची चरबी पिवळसर असते. हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटिनचा तो रंग. मांसात ओमेगा-३ मेदाम्लांचे प्रमाण धान्यावर वाढलेल्यापेक्षा जास्त, तंतूंमधली चरबी मात्र कमी. कुरणावरच्या जनावराला माणसाची सवय कमी असते, म्हणून वाहतुकीत ते बिथरते. बिथरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपते, कत्तलीनंतर आम्लता नीट येत नाही, आणि मांस गडद, चिकट निघते. वर्षभराची मेहनत ट्रकमधल्या एका रात्रीत वाया जाऊ शकते.

पुष्ट गुरांचा मोठा बाजार विसावे शतकभर ब्वेनोस आइरेसच्या मातादेरोस वस्तीत, लिनिएर्स या नावाने भरे. खाली लाकडी कठड्यांत गुरे आणि घोडेस्वार, वर पादपुलांवरून फिरणारे खरेदीदार; वरून पाहिले की पाठ आणि शेपटीचे बूड आयते नजरेखाली येते. मे २०२२ मध्ये हा बाजार शहराबाहेर कान्युएलासला हलला.

तोवर कुरणेच आक्रसली होती. १९९६ मध्ये जनुकबदल केलेल्या सोयाबीनला परवानगी मिळाली, पश्चिमेची उत्तम जमीन सोयाबीनखाली गेली, आणि गुरांचा शेवटचा टप्पा बंदिस्त वाड्यात मक्यावर उरकू लागला. देशी गिऱ्हाइकाला तसेही हलक्या, लहान जनावराचे मांस आवडते. कुरणावरच्या नोविशोला आधार उरला तो प्रामुख्याने युरोपच्या ‘हिल्टन’ कोट्याचा, म्हणजे ठरावीक मांस कमी आयातशुल्कात घेण्याच्या सवलतीचा. साधारण २९ हजार टनांच्या या सवलतीत दूध तुटल्यापासून केवळ कुरणावर वाढलेलेच जनावर चालते. त्याच युरोपने २००९ मध्ये दुसरा कोटा उघडला. त्यात अट अशी की जनावराने अखेरचे किमान १०० दिवस धान्यावर काढलेले असावेत.