गॉथिक फँटसी रोमान्स कादंबरी आणि तिचं वाचन

गॉथिक फँटसी रोमान्स म्हणजे अशी कादंबरी जिच्यात प्रेमकथा आणि भयकथा एकाच छपराखाली राहतात, आणि ते छप्पर बहुतेक वेळा खरोखरचं असतं, किल्ल्याचं, मठाचं किंवा माळरानावरच्या एकट्या घराचं. तिथे बाहेरून एक मुलगी येते, नवी नवरी म्हणून, शिकवणीला ठेवलेली म्हणून किंवा आईबाप गेलेली भाची म्हणून, घराच्या मालकाची तिला ओढही वाटते आणि भीतीही, आणि एक खोली अशी असते की तिचा विषय निघाला की सगळे गप्प. त्यात फँटसी आली की खोलीत जे आहे ते खरंच शापित किंवा रक्त पिणारं निघतं. मराठीत याला नेमका शब्द नाही, भयकथा म्हटलं तर प्रेम सुटतं, अद्भुतरम्य म्हटलं तर भीती पातळ होते, म्हणून वाचणारे सरळ गॉथिकच म्हणतात.

गॉथिक हा शब्द आधी इमारतींचा. मध्ययुगातली टोकदार कमानींची चर्चेस रानटी आहेत असं हिणवायला तो गॉथ टोळ्यांच्या नावावरून वापरला गेला. कादंबरीला तो चिकटला होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकामुळे. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्याने स्ट्रॉबेरी हिल हे आपलं घर वर्षानुवर्षं खपून किल्ल्यासारखं करून घेतलं होतं, आणि १७६४ मध्ये त्याला स्वप्न पडलं की जुन्या किल्ल्यात जिन्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला प्रचंड हात टेकलाय. त्यातून 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' आली. पहिल्या आवृत्तीत त्याने हे जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर आहे असं सांगितलं, १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र लेखक मीच हे कबूल केलं आणि पुस्तकाच्या नावाखाली 'गॉथिक कथा' असं छापलं. म्हणजे आधी घर, मग पुस्तक, आणि माझ्या मते हा सगळा प्रकार वाचायची किल्ली हीच आहे, घराकडे लक्ष द्या.

अ‍ॅन रॅडक्लिफची 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' (१७९४) चार खंडांची, तिला त्याचे ५०० पौंड मिळाले, तेव्हाच्या मानाने ही फार मोठी रक्कम. त्यातला काळ्या पडद्याचा प्रसंग तर प्रसिद्धच आहे, नायिका एमिली पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते, पण तिने काय पाहिलं ते वाचकाला शेकडो पानं कळत नाही, आणि कळतं तेव्हा तो मेणाचा पुतळा निघतो. रॅडक्लिफ सगळ्या भुतांचा असा उलगडा करते म्हणून काहींचा विरस होतो. पण खरी भीती पुतळ्याची नव्हतीच ना! किल्ल्याचा मालक माँटोनी एमिलीच्या आत्याशी लग्न करून तिला किल्ल्यात डांबतो ते तिची इस्टेट लिहून घ्यायला, ती सही करत नाही, शेवटी तिथेच मरते, आणि मग कागद एमिलीपुढे येतात. इंग्लंडात तेव्हा लग्न झालं की बाईच्या मालमत्तेवर बहुतांशी नवऱ्याचा ताबा असायचा, हे नीट बदललं १८८२ च्या कायद्याने. त्यामुळे बंद दार आणि नवऱ्याच्या कमरेची किल्ली हे नुसतं वातावरण नाही, ते वाचणाऱ्या बाईच्या ओळखीचं होतं. सासर या शब्दाचं वजन माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

ही पुस्तकं महाग असायची म्हणून लोक वर्गणीच्या लायब्रऱ्यांतून एकेक खंड आणून वाचायचे. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरची मिनर्व्हा प्रेस ही प्रकाशनसंस्था अशा कादंबऱ्यांसाठी नावाजलेली (आणि टीकाकारांच्या डोळ्यात खुपलेली). बायका भलतंसलतं वाचून बिघडतात ही ओरड तेव्हाचीच आहे.

१८४७ मध्ये 'जेन एअर' आणि 'वुदरिंग हाइट्स' या ब्राँटे बहिणींच्या कादंबऱ्या दोन महिन्यांच्या अंतराने आल्या आणि गॉथिक इटलीच्या किल्ल्यातून इंग्लंडच्या राहत्या घरात शिरलं. दाफ्ने द्यु मॉरिएच्या १९३८ च्या 'रिबेका' कादंबरीत तर गोष्ट सांगणाऱ्या नव्या बायकोचं नाव शेवटपर्यंत येत नाही, मेलेल्या पहिल्या बायकोचं मात्र घरभर आहे. यावरूनच १९६४ चा हिंदी चित्रपट 'कोहरा' निघाला, त्याआधी १९४९ चा 'महल' होताच, त्यामुळे गॉथिक कधी वाचलं नाही म्हणणाऱ्या आपल्याकडच्या कित्येकांनी ते लताबाईंच्या आवाजात ऐकलेलं असतं. मराठीत सुरुवातीच्या 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या, पुढे नारायण धारपांनी भयकथा घराघरांत नेली, पण धारपांकडे प्रेमकथा सहसा मध्यभागी नसते.

आजच्या रोमँटसीत, म्हणजे रोमान्स आणि फँटसी एकत्र असलेल्या कादंबऱ्यांत, फरक असा की जादूचा उलगडा होत नाही, ती खरीच असते. त्यामुळे भूत आहे की नाही हा प्रश्न संपतो आणि उरतो तो याच्यावर विश्वास ठेवू का हा, म्हणूनच इथे स्लो बर्न, म्हणजे हळूहळू फुलणारं प्रेम, चालतो, घाईत जुळलेलं प्रेम या घरात शोभत नाही. वाचताना वर्णनं गाळायची नाहीत, जिना, वारा, विझलेली शेगडी, गोष्ट तिथेच चाललेली असते.

नव्याने वाचणाऱ्याने शेरिडन ले फानूच्या 'कार्मिला'पासून (१८७२) सुरुवात करावी, 'ड्रॅक्युला'च्या २५ वर्षं आधीची आहे आणि एका बैठकीत होते. ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतातल्या एकाकी गढीत लॉरा वडिलांबरोबर राहते, बग्गीच्या अपघातानंतर कार्मिला नावाची एक सुंदर मुलगी पाहुणी म्हणून राहते, दोघींचा जीव जडतो आणि लॉरा खंगत जाते. कार्मिलाचा शेवट होतो, पुढे कितीतरी दिवस जातात, तरी लॉराला अधूनमधून भास होतो की दिवाणखान्याच्या दाराशी तिचंच हलकं पाऊल वाजलं.