रिपीटर नेमका कुठे लावायचा?

‘ज्या खोलीत वाय-फायची रेंज येत नाही, त्याच खोलीत रिपीटर लावा’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटण्यासारखा वाटतो, पण रिपीटर राउटरकडून जे मिळेल तेच पुढे पाठवतो. त्याच्यापर्यंतच सिग्नल तुटक पोहोचला, तर मोबाइलवर पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि व्हिडिओ मात्र अडकतो. त्या पट्ट्या मोबाइल ते रिपीटर एवढ्याच अंतराच्या असतात.

खात्री करायची तर रिपीटर बंद ठेवा, अँड्रॉइड मोबाइलवर सिग्नल मोजणारं अ‍ॅप उघडा आणि राउटरपासून त्या खोलीकडे हळूहळू चालत जा. आकडा उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला) आसपास आला की थांबा, रिपीटर तिथेच. उणे ७५ दिसलं तर फार पुढे आलात. नंतर रिपीटरजवळ स्पीड टेस्ट करा. एकाच बँडवर (वाय-फायच्या एकाच फ्रिक्वेन्सी पट्ट्यावर) घेणं-देणं करणाऱ्या रिपीटरमध्ये वेग साधारण निम्मा होतोच, त्यात जागेची चूक नाही.

राउटरपासून त्या खोलीपर्यंत केबल ओढता येत असेल तर ती ओढाच. कॅट ६ प्रकारच्या नेटवर्क केबलने, १०० मीटरच्या आत जोडलेला अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलमधून आलेलं इंटरनेट वाय-फायने देणारं उपकरण) मात्र रेंज नसलेल्या खोलीतच लावावा; त्याला राउटरचा वायरलेस सिग्नल लागतच नाही.