पुणे म्हणजे बारा

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आमच्या कोथरूडच्या घरी बसून त्याने सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक चिमुकला वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम, लिहिला. ब्राउझरने काहीही विचारलं तरी उत्तर एकच: 'पुणे'. पडद्यावर आलं 'प', आणि त्याला चिकटून एक प्रश्नचिन्ह.

"मामा, याने पुणं तोडलं!"

तोडलं होतं त्यानेच. वेब सर्व्हरच्या उत्तरात आधी '२०० ओके' अशी ओळ असते, मग हेडर, म्हणजे मजकुराविषयीची माहिती, मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर खरा मजकूर. मजकूर किती लांब आहे हे हेडरमध्ये आधीच सांगून टाकायचं असतं. भाच्याने मोजलं: प, उकार, ण, एकार. झाले चार. पण मोजायचे असतात बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीचे छोटे खण, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रेसकट. म्हणजे पुणे बारा बाइटांचं. ब्राउझरने सांगितल्याप्रमाणे चारच घेतले, अख्खा 'प' आणि उकाराचा एक तुकडा.

गंमत अशी की सी भाषेला मजकुराची लांबी ठाऊकच नसते. तिच्या आजीने, म्हणजे बीसीपीएल भाषेने, मजकुराच्या सुरुवातीलाच आकडा लिहून ठेवायची पद्धत ठेवली होती. पण तो आकडा आठ-नऊ बिटांच्या, म्हणजे आठ-नऊ शून्य-एकांच्या, खणात बसवायचा, म्हणून मजकुराच्या लांबीलाही मर्यादा यायची. पुढे 'बी' भाषेने आकडा काढून शेवटी खूण ठेवली, आणि १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनशाळेत डेनिस रिची यांनी घडवलेल्या सीकडे तीच रीत वारशाने आली. शेवटी शून्य किमतीचा एक बाइट. लांबी हवी? शून्य भेटेपर्यंत चालत जा.

एकदा चालायला कुणाची हरकत नाही. पण भाच्याने पुढे हौसेने हजार ओळींचा तक्ता बनवला आणि एकेक ओळ 'स्ट्रकॅट' या सीच्या तयार फंक्शनने मागे जोडत गेला. हे फंक्शन दरवेळी पहिल्या बाइटपासून शेवट शोधत निघतं. दगडूशेठच्या रांगेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आधी गाभाऱ्याशी नेऊन सोडावं आणि तिथून "तुम्ही शेवटचे का?" असं विचारत मागे पाठवावं, तसं. ओळ शंभर बाइटांची धरली तर एक लाख बाइटांचं पान बांधायला सुमारे पाच कोटी बाइट तुडवावे लागतात. घरच्या लॅपटॉपवर हे कळतही नाही, तिथेच फसगत होते. ओळी दसपट झाल्या की पायपीट शंभरपट होते.

उपाय साधा आहे. शेपूट कुठे आहे ते एका चलात (व्हेरिएबलमध्ये) लिहून ठेवायचं आणि पुढची ओळ थेट तिथे उतरवायची. जागा संपली तर दुप्पट घ्यायची. प्रत्येक नव्या पुस्तकासाठी मोठं घर शोधणारा माणूस आयुष्यभर टेम्पोतच राहील. दुप्पट जागा घेत गेलं तर तोवरची एकूण हलवाहलव शेवटच्या घराच्या आकारापेक्षाही कमी भरते.

आता पाठवणं. हेडर एकीकडे तयार, मजकूर दुसरीकडे. भाच्याने दोन वेळा 'राइट' हे पाठवण्याचं फंक्शन वापरलं, आणि उत्तर कधीकधी उगाच अडकायला लागलं. १९८४ साली जॉन नेगल यांनी सुचवलेल्या नियमानुसार, आधीच्या पाकिटाची, म्हणजे जाळ्यावरून (नेटवर्कवरून) गेलेल्या तुकड्याची, पोच येईपर्यंत पुढचं छोटं पाकीट रोखून धरतात, म्हणजे जाळ्यावर चिल्लर पाकिटांची गर्दी होत नाही. समोरचं यंत्रही पोच लगेच देत नाही, जरा थांबून एकदमच देऊ म्हणतं. दोघेही सभ्य, दोघेही ताटकळत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर हा ताटकळा साधारण ४० मिलिसेकंदांचा.

मग हेडर आणि मजकूर एका जागी ओतायचे का? तेही नको. त्यासाठी वेगवेगळ्या जागचे तुकडे एकाच फेरीत पाठवणारं 'राइटव्ही' आहे, १९८३ च्या बर्कले युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासून. ऑफिसला नेतो तो चार पुडांचा डबा आठवा. पोळी, भाजी, आमटी, भात वेगवेगळे, पण कडी एकच आणि फेरीही एकच. कुठल्या पुडात किती आहे तेवढं मात्र आपण सांगायचं. डिस्कवरची तयार फाइल असेल तर लिनक्सचं 'सेंडफाइल' ती थेट जाळ्याकडे सरकवतं. ती आपल्या प्रोग्रामच्या स्मृतीत यावीच लागत नाही.

एक खोच राहते, आणि माझ्या मते ती बहुतेक जण विसरतात. पाठव म्हटलं म्हणजे सगळं गेलं असं नाही. समोर रेंज नसलेला मोबाइल असला की कधीकधी लाखातले तीस हजार बाइटच स्वीकारले जातात. फंक्शन तो आकडा परत देतं. तो वाचून उरलेलं पुन्हा पाठवायचं.

भाच्याने सगळं दुरुस्त केलं, 'पुणे' काढून 'पिंपरी-चिंचवड' घातलं आणि मला कोडं टाकलं. मी बोटांवर मोजून ३९ म्हणालो. सर्व्हर म्हणाला ३७. मधली आडवी रेघ देवनागरीतली नव्हती, ती एकाच बाइटात भागवते.