दाब उतरतो आणि खडक वितळतो

10 जुलै 2024 रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 क्षमतेचा भूकंप झाला आणि नांदेड, परभणीपर्यंत जमीन हादरली. अशा धक्क्यांनंतर मराठवाड्यात एक भीती हमखास बोलून दाखवली जाते: आपली जमीन लाव्ह्याची, तेव्हा खाली लाव्हा अजून खदखदत असणार आणि तो कधीतरी वर येणार. पृथ्वीच्या अंतरंगाच्या चित्रांत प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला जाड थर, तांबड्या-नारिंगी रंगात रंगवलेले असते, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो.

वास्तविक प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत, गाभ्याच्या सीमेपर्यंत, सहज पोहोचतात. मग शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, येतो कुठून? पृथ्वीवरचा बहुतांश शिलारस समुद्राखाली, मध्य-महासागरीय पर्वतरांगांत तयार होतो. सुमारे 65,000 किलोमीटर लांबीच्या या रांगांखाली खडकाला कोणीही जास्तीची उष्णता देत नाही; उलट तो किंचित थंड होत असतानाच वितळतो, आणि भूशास्त्रातली याहून सुंदर प्रक्रिया मला माहीत नाही.

प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहते, कारण वर दाब असतो. दाब सुटताच त्याच तापमानाला त्याची वाफ होते. खडकाच्या वितळण्यावरही दाबाचा असाच ताबा असतो. प्रावरणातला पेरिडोटाइट हा खडक पृष्ठभागावरच्या दाबाखाली सुमारे 1,100 अंश सेल्सिअसला वितळू लागतो, तर 100 किलोमीटर खोलीवर त्यालाच जवळजवळ 1,500 अंश लागतात. या रांगांपाशी दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण कवचाचे प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर सरतात तेव्हा मधली जागा भरण्यासाठी खालचा घन खडक वर्षाला काही सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने वर चढतो. खडक उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे त्याची उष्णता आजूबाजूला फारशी निसटत नाही आणि तो किलोमीटरमागे जेमतेम अर्धा अंश थंड होतो; त्याच किलोमीटरमागे त्याचा वितळणबिंदू मात्र तीन-चार अंशांनी उतरतो. साधारण 60 ते 70 किलोमीटर खोलीवर हा उतरता वितळणबिंदू खडकाच्या तापमानाला गाठतो आणि वितळणे सुरू होते. वितळण्यासाठी लागणारी अप्रकट उष्णता खडकातूनच खर्च होत असल्याने तो सगळा वितळत नाही, दहा ते वीस टक्केच वितळतो. आणि लवकर वितळणाऱ्या खनिजांचा वाटा त्यात जास्त असल्यामुळे वर येणाऱ्या रसापासून पेरिडोटाइट न बनता बेसाल्ट हा काळा पाषाण बनतो. या रसापासून सहा-सात किलोमीटर जाडीचे सागरी कवच घडते.

आपल्याला सर्वांत जवळची अशी रांग म्हणजे अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रांग. तिच्या परिसरातील चुंबकीय मोजणीचा आधार घेऊनच व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी 1963 मध्ये सागरतळ पसरतो, या कल्पनेला पुष्टी दिली.

दाबाचा प्रभाव लाव्हा बाहेर पडल्यावरही दिसतो. मराठवाड्यात विहीर खोदताना निघालेला काळा पाषाण फोडून पाहिला, तर पुष्कळदा त्यात पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली लहान-मोठी छिद्रे दिसतात. उघड्या जमिनीवर वाहताना लाव्ह्यातल्या वायूंचे बुडबुडे फुगले, ते तसेच गोठले आणि पुढे त्यांत खनिजे साचली. अडीच किलोमीटर पाण्याखाली मात्र सुमारे 250 वातावरणांइतका दाब असतो. तिथे वायूला फुगायला वाव फारसा मिळत नाही, आणि पिलो लाव्ह्याच्या गोलसर, काचेसारख्या सालीच्या गोळ्यांत छिद्रे कमी आढळतात.

दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवरच्या भेगांतून बाहेर आला. त्याचा उष्ण स्रोत बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागृत आहे. भारतीय भूपट्ट त्या स्रोतावरून हजारो किलोमीटर उत्तरेकडे सरकला. किल्लारीत 1993 च्या भूकंपानंतर खोल विंधन घेतले, तेव्हा सुमारे 340 मीटर बेसाल्टखाली अतिप्राचीन, घट्ट, थंड नाइस खडक लागला. मराठवाड्याखाली भूपट्ट फाकत नाहीत, त्यामुळे दाब उतरून खडक वितळण्याची सोयच येथे नाही. समाजमाध्यमांवर फिरणारे ज्वालामुखीचे संदेश म्हणूनच निराधार आहेत आणि भेदरलेल्या माणसांना ते नाहक छळतात. येथील धक्क्यांचे कारण वेगळे आहे: भारतीय भूपट्ट उत्तरेस युरेशियन भूपट्टाला रेटतो आहे, त्या रेट्याचा ताण भूपट्टाच्या आतल्या जुन्या भेगांवर साठत जातो आणि एखादी भेग घसरली की जमीन हादरते.